गुण्यातली वायर

भोक! तोंड वर करून सरळ 'भोक' म्हणाला हो तो! "काका, इथे एक भोक मारतो, पाच मिनिटांचं काम." अहो, भोक मारायला ती भिंत आहे का कानाची पाळी? इंटरनेटची वायर घालायला आला होता बुवा. खांद्यावर वायरचं वेटोळं, एका हातात ड्रिल, दुसऱ्या हातात फोन, आणि फोनवर पुढच्या गिऱ्हाइकाला सांगतोय, "पोचलोच, पोचलोच!" आणि उभा कुठे? माझ्या पुढच्या खोलीत! मलाही इतके दिवस तेच सांगत होता. "निघालात का?" "पोचलोच!" "कुठवर आलात?" "पोचलोच!" शेवटी आमच्या मंडळींनी त्याचं नावच पोचलोच ठेवलं. मंडळी म्हणजे बायको हो माझी, एकच आहे, पण बोलायला लागली की मंडळीच वाटते.

तर तुम्हाला सांगतो, उभं आयुष्य गवंडीकाम केलं मी. विटा, गिलावा, फरशी... दुसऱ्यांची घरं बांधता बांधता डोक्यावरचे केस गेले आणि मग कुठे हे स्वतःचं उभं केलं. तीनच खोल्या आहेत, फार नाहीत. पण या कोपऱ्यात येऊन उभे राहा. राहा की! आता वर बघा. छतापासून जमिनीपर्यंत कोपऱ्याची रेघ कशी सरळ उतरलीय? गुण्या लावून बघा! गुण्या म्हणजे आमचा लोखंडी काटकोन, तो कोपऱ्यात टेकवायचा, आणि मागून उजेड दिसला की समजायचं, मिस्त्री कच्चा! माझ्या कोपऱ्यात उजेड सोडा, वारा शिरत नाही. एका डॉक्टरांच्या घरी अर्धी भिंत उभी झाल्यावर मला संशय आला, बोटभर बाहेर गेलीय म्हणून. ते म्हणत होते, "असू दे हो मिस्त्री, पुढे कपाट येणारच आहे." असू दे? कपाट आलं म्हणून भिंतीनं वाकडं राहायचं? पाडली! रात पडायच्या आत पाडली आणि परत बांधली. आणि हा माणूस माझ्या भिंतीला भोक मारून, खिळ्यांनी वायर ठोकत ठोकत नेणार, खिडकीवरून दारावर, दारावरून फळीवर... घर आहे का कपडे वाळत घालायची दोरी?

तुम्ही म्हणाल, एवढा भिंतीचा पुळका, तर इंटरनेट बोलावलं कशाला? आता ते ऐका. नातीसाठी.

आमची नात, लेकीची मुलगी, जन्मापासून ऐकत नाही. कानांनी नाही आणि कुणाच्या बापाचंही नाही! हातांनी बोलते. आणि काय बोलते हो! तिच्या आईनं लहानपणी माझं डोकं खाल्लं होतं, ही तिच्या दुप्पट खाते, फक्त आवाज होत नाही. लेक नोकरीपायी लांब असते. मग नातीशी बोलायचं कसं? तर आमची मंडळी या वयात उठली आणि खुणांची भाषा शिकायला क्लासला जाऊन बसली! पोरांच्या वयाच्या शिक्षिकेसमोर पहिल्या बाकावर. घरी आली की सराव माझ्यावर. मी जेवतोय आणि ही समोर हात नाचवतेय. "ओळखा, काय म्हटलं?" मी म्हणायचो, "मीठ कमी आहे?" "नाही! 'आज आभाळ भरून आलंय' म्हटलं!" मला नाही आलं ते. माझे हात थापी धरून धरून असे झालेत, बोटं वळतच नाहीत. पण ही शिकली. अशी शिकली की नात लेकीला सांगते म्हणे, आजीच्या हातांना गावंढळ हेल आहे, पण सगळं कळतं. अभिमान वाटला हो मला! माझ्या बायकोच्या हातांना हेल आहे!

पण हे सगळं व्हायचं मोबाईलवर, आणि मोबाईलचं नेट म्हणजे काय सांगू... मनात आलं तर चालणार. तुमचं-आमचं ठीक आहे. चित्र अडकलं की आपण म्हणतो, "आवाज येतोय ना? हां, मग बोल, चित्राचं राहू दे." नातीला काय सांगणार, चित्राचं राहू दे? तिचं चित्र हाच तिचा आवाज! आजीनं 'तुला' म्हणून हात उचलायचा, तो हात तिकडे तसाच हवेत अडकायचा, आणि पोरगी टक लावून बसलेली... मला काय? काय मला? आजी रागावली का? गप्प का झाली? मग लेकीचा मेसेज, 'आई, ती रडतेय.' ही इकडे मोबाईल खिडकीत धर, गच्चीवर ने, असं करत बसायची. आणि त्यात शाळेतून निरोप आला, की रविवारी स्टेजवर नात गोष्ट सांगणार. स्वतः रचलेली. लेक समोर बसून फोनवर आजीला थेट दाखवणार. आणि नातीनं हिला बजावलं, आजी, तू बघायचंस. सगळी. मधेच थांबायचं नाहीस!

ही त्या दिवशी फक्त म्हणाली, "अहो, ते नवीन वायरवालं नेट असतं ना, ते घेऊ या." एवढंच. मी दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन नाव नोंदवून आलो.

म्हणून म्हणतो, भोकाला माझी ना नव्हती. मी फक्त म्हणालो, "दे ते ड्रिल इकडे, माझ्या भिंतीचं भोक मी पाडणार." आणि पाडलं! बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही. पोचलोच बघत राहिला. म्हणाला, "काका, असं भोक आमच्यात कुणी पाडत नाही." म्हटलं, माहितेय! मग त्यानं ती पांढरी, दोऱ्यासारखी बारीक वायर आत घेतली, तात्पुरती जमिनीवरून फळीपर्यंत सोडली, तिथे नेटचा डबा लावला, हिरवे दिवे लागले, आणि नेट सुरू! पाणी सुटावं तसं धो धो! हिनं लगेच नातीला लावलं. चेहरा कसा, काचेपलीकडे बसल्यासारखा. पोचलोच फोन कानाला लावून निघाला, "उद्या येऊन वायर नीट ठोकून देतो, पोचलोच..."

उद्या! त्याच्या 'पोचलोच'मध्ये आमचे दोन सण होऊन जातील. आणि वायर तशी पायात लोळतेय, माझ्या खोलीत, माझ्या फरशीवर. दुपारी ही क्लासला गेली आणि मी अवजारांची पेटी काढली.

तुम्हाला सांगतो, काय काम झालंय ते! भिंतीत बोटाच्या नखाएवढी खाच घेतली. खिडकीपासून खाली, तिथून आडवी, दाराच्या चौकटीला धरून वर, पुन्हा आडवी आणि मग उतरून थेट फळीवर. चार वळणं. आणि वळणं कशी? गुण्या लावून बघा! वायर कोपऱ्यात नेली, थापीच्या टोकानं आत दाबली, टक्! काटकोन. दुसरा, टक्! काटकोन. वरून पातळ पुट्टी, घासायचा कागद मारला, रंगाचा हात फिरवला. ही परत आली, म्हणाली, "वायर कुठे गेली?" म्हटलं, शोध. तिनं हात फिरवला भिंतीवरून. सापडेना! बायको चाळीस वर्षं माझ्या कामाला 'बरंय' म्हणत आलीय, त्या दिवशी म्हणाली, "छान." मी रात्री दोन घास जास्त जेवलो.

आणि दुसऱ्या दिवशी... लाल दिवा.

लाल म्हणजे डब्यावरचा हो. हिरवा गेला, लाल लागला, नेट बंद. थोड्या वेळानं आपोआप सुरू. परत बंद. नात 'आजी, आज शाळेत' म्हणून हात उचलतेय आणि... झालं. परत पहिले पाढे पंचावन्न! मी कंपनीला फोन लावला. आधी गाणं. मग एक बाई, मधाळ आवाज, "आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे." महत्त्वाचा आहे तर उचल की! मग दुसरी. "सर, डबा बंद करून चालू केलात का?" केला. "सर, पुन्हा एकदा करता का?" केला. "सर, आता काय दिसतंय?" म्हटलं, बाई, आता मला तारे दिसतायत! "सर, आमच्याकडून लाईन व्यवस्थित आहे, आपल्या घरातल्या वायरिंगमध्ये काही..." माझ्या घरात? माझ्या? म्हटलं, ऐका, नाचता येईना अंगण वाकडं, हे दुसऱ्याला सांगा! माझं अंगण वाकडं नाही, त्याची फरशी मी स्वतः घातलीय! या, गुण्या लावून बघा! ती म्हणाली, "सर, गुण्या हे कोणतं ॲप आहे?"

पोचलोच आला. डबा बदलला. गेला. लाल. परत आला, खांबावर चढला, तिथलं काहीतरी उपसलं, "काका, बाहेर एकदम झकास आहे." गेला. लाल! मी गल्लीभर सांगत सुटलो, कसली कंपनी, कसली माणसं, काम कसं असावं ते आमच्या पिढीला विचारा... ज्याला त्याला घरात बोलवून भिंत दाखवायचो. "बघा, मी माझं काम कसं चोख केलंय, आणि ह्यांना एक नेट धड देता येत नाही!" शनिवार उजाडला. उद्या गोष्ट. ही मोबाईल घेऊन गच्चीवर, कुठल्या कोपऱ्यात चित्र कमी अडकतं ते खडूनं खुणा करून बघत होती. ते मला नाही बघवलं. मी पोचलोचला फोन केला आणि म्हटलं, "तू आत्ता आला नाहीस, तर मी तिकडे पोचलोच!"

आला बिचारा. डब्याकडे बघितलं, फळीकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं.

"काका, वायर कुठाय?"

"भिंतीत."

"भिंतीत म्हणजे?"

"भिंतीत म्हणजे भिंतीत! दिसतेय का? नाही ना? हेच तर काम आहे!"

"वळवलीत कशी?"

"कशी म्हणजे? काटकोनात!"

त्यानं फोन कट केला. पहिल्यांदाच! हातातला फोन खिशात घातला आणि खाली फरशीवर बसला. "काका... काच असते हो आत. केसाएवढी काच, आणि त्यातून उजेड पळतो. तो वळतो, पण त्याला वळण लागतं. कोपरा दिला की तो बाहेर सांडतो. मी जाताना म्हणालो नव्हतो का, 'हिला फार वाकवू नका' म्हणून?"

म्हणाला होता! आता आठवलं, दारातून म्हणाला होता. पण तो चोवीस तास फोनवर, मला वाटलं, दुसऱ्या कुणाला तरी बायकोशी कसं वागावं ते सांगतोय!

मी मानलं नाही अर्थात. म्हटलं, पुरावा दे. त्यानं पेनाएवढी एक लाल बॅटरी काढली, वायरच्या तोंडाला लावली, आणि हिला म्हणाला, "काकू, जरा पडदे ओढा." ओढले. आणि तुम्हाला सांगतो... माझी भिंत पेटली. पहिल्या कोपऱ्यात पुट्टीच्या आतून लालभडक ठिपका. दुसऱ्यात लाल. तिसऱ्यात गुलाबी. चौथ्यात... लाजल्यासारखं थोडंसं काहीतरी. माझे चार काटकोन! ज्या कोपऱ्यातून उजेड दिसला की मिस्त्री कच्चा, असं मी दोन पिढ्यांच्या हाताखालच्या माणसांना बडवून शिकवलं, ते माझे कोपरे माझ्यासमोर उजेड सांडत उभे. आणि शेजारचा पाहुणा दारात! त्याला मीच बोलावलं होतं ना, कंपनीची फजिती बघायला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

हिनं माझ्याकडे बघून दोन्ही हातांनी एक खूण केली. मी विचारलं, काय म्हणालीस? तर म्हणाली, "याचं भाषांतर तोंडानं होत नाही."

पोचलोचनं हळूच पिशवीतून छिन्नी काढली. मी म्हटलं, थांब. माझ्या भिंतीला दुसऱ्याची छिन्नी लागायची नाही. ती भिंत मी बांधली, रंगवली, फोडणार पण मीच. आणि लागलो फोडायला. पुट्टीचे पापुद्रे उडतायत, वायर बाहेर येतेय, आणि खरं सांगू? वाईट वाटलं. डॉक्टरांची भिंत पाडली तेव्हा नव्हतं वाटलं. पण शेजारच्या खोलीत ही उद्याची साडी काढून ठेवत होती. फोनवरून गोष्ट बघायला नवी साडी! ती खुर्चीच्या पाठीवर नीट घडी घालून ठेवली, कोपऱ्याला कोपरा जुळवून... माझ्यासोबत राहून लागलेली सवय. मी हातोडी जोरात मारली.

"किती वळण पाहिजे तुझ्या उजेडाला?" "काका, साधारण बशीएवढं." बशी! मी हिच्याकडून बशी मागितली. भिंतीवर टेकवली, पेन्सिलीनं काठ गिरवला हो! जन्मात गोल कोपरा काढला नव्हता. गोल कोपरा म्हणजे आमच्यात लाजेची गोष्ट, हात चुकला की गोल होतो. पण एकदा करायचं म्हटल्यावर... पोचलोचनं नवी वायर दिली, मी खाच घेतली, चारही वळणं बशीच्या काठानं आणली. रविवारी सकाळी तो कुणी न बोलावता परत आला, बॅटरी लावली, पडदे ओढले. काळोख. चारही कोपऱ्यांत गुडूप काळोख! एवढा सुंदर काळोख मी आयुष्यात बघितला नाही. आणि वळणं काय झालीत म्हणून सांगू... बशी लावून बघा!

मग गोष्ट झाली. मोबाईल नाही, लेकीनं पाठवलेला मोठा टीव्ही लावला होता. नात स्टेजवर आली. एवढीशी. गोष्ट होती एका मुंगीची, जी आपल्यापेक्षा मोठा साखरेचा दाणा घरी नेत असते आणि घराचं दार लहान पडतं. मला खुणा येत नाहीत, पण सगळं कळलं. तिची दोन बोटं मुंगी झाली, मूठ दाणा झाली, चेहरा दार झाला! मुंगी थकली तेव्हा माझे खांदे उतरले. एकदाही थांबलं नाही हो चित्र. एकदाही! ही इकडे श्वास रोखून बसलेली, ओठ हलतायत, हात मांडीवर तिच्याबरोबर गोष्ट सांगतायत. आणि शेवटी मुंगीनं काय केलं? दार मोठं नाही केलं, सगळ्या शेजाऱ्यांना बोलावून दाणा दारातच वाटून टाकला! सगळ्या शाळेनं टाळ्या दिल्या. त्यांच्या टाळ्या वाजत नाहीत, दोन्ही हात वर करून पंजे हलवायचे. सगळं सभागृह पंजे हलवतंय. आमच्या पुढच्या खोलीत हिनं हात वर केले, मी केले, आणि पोचलोच, जो पाच मिनिटांसाठी आला होता, त्याच्या खिशात फोन वाजत होता आणि त्याचे दोन्ही हात वर! ही रडत होती. मी नाही रडलो. पुट्टीची धूळ होती खोलीत.

तुम्हाला सांगतो, माझी नात आहे ती! आणि मधे जी भिंत आहे ती मी बांधलेली, मी फोडलेली, मी परत भरलेली.

कार्यक्रम संपला, नात धावत फोनपाशी आली आणि हिच्याशी काहीतरी बोलायला लागली. हात नुसते भिरभिर. ही हसायला लागली. इतकी हसली की खुर्चीचा हात धरला. म्हटलं, काय झालं? तर म्हणे, त्यांच्यात प्रत्येकाला खुणेचं एक नाव असतं. आपलं नाव आपण ठेवायचं नसतं, ज्यांना ऐकू येत नाही त्यांनीच ठेवायचं, आणि एकदा ठेवलं की ठेवलं, बदल नाही. नातीनं घरच्या सगळ्यांची नावं ठेवलीयत आणि शाळेत सगळ्यांना शिकवून टाकलीयत. आजीचं नाव काय गोड! गालावर बोट टेकवायचं, खळी पडते तिथे, आणि हात उघडायचा, फूल उमलल्यासारखा. मी म्हटलं, वा! आणि माझं?

माझं... आता बघा. तोंड असं उघडं. एक बोट असं वर. डोळे अर्धे मिटलेले. आणि हलायचं नाही! एवढंच. मी हिच्या मागे उभा राहून बोलायचो ना, तेव्हा तिकडे माझं चित्र नेमकं असं अडकायचं, प्रत्येक वेळी! पोरीला वाटलं, आजोबा असेच असतात.

विनवणी केली हो. थापी धरल्यासारखं काही कर, भिंत दाखव, मिशी दाखव... ही म्हणाली, "नाही होत. नाव म्हणजे नाव." आता अख्खी शाळा मला त्यानं ओळखते. तिच्या शिक्षकांनासुद्धा ठाऊक आहे. आणि नेट? नेट तर असं चालतंय की विचारू नका. रोज संध्याकाळी नात समोर, आणि पहिलं काम, आजोबा, नाव सांगा. मी उभा राहतो. तोंड उघडं, बोट वर. नीट राहतो हो. पण आता चित्र इतकं स्वच्छ दिसतं की डोळ्याची पापणी जरी लवली, तरी पोरगी तिकडून बोट नाचवते... आजोबा, हललात! चुकलं! परत सांगा!

मग काय करणार... सांगतो परत.